फळमाशीच्या पेशीतला बिऱ्हाडकरू

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटे आपण सहज हाकलून देतो. त्यांतलीच एक फळमाशी, शास्त्रज्ञांची ड्रोसोफिला. जेमतेम तीन मिलिमीटरचा जीव. पण तिच्या पेशीत काय चालते हे वाचल्यापासून मला तिच्याविषयी आदर वाटू लागला आहे.

आनुवंशिक गुणांची पोथी म्हणजे डी. एन. ए. तिच्यातली अक्षरे जागच्या जागी राहतात अशी आपली समजूत. पण या माशीत २९०७ अक्षरांचा ‘पी’ नावाचा एक तुकडा असतो. तो एका जागेवरून उठतो आणि दुसरीकडे जाऊन बसतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर! कारण सामान हलवणारा हमालही त्याच्याच पदरी असतो. ट्रान्सपोझेज हे त्या हमालाचे नाव. हे एक एन्झाइम असून ते घडवण्याची कृती त्या तुकड्यातच लिहिलेली असते.

१९७७ साली मार्गारेट किडवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचित्र प्रकार मांडला. रानातला नर आणि प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेल्या वाणाची मादी यांची संतती वांझ निघे. उलट जोडी लावली, की सारे सुरळीत! पुढे उलगडा झाला. ‘पी’ रानटी माश्यांत होता, प्रयोगशाळेतल्या जुन्या वाणांत नव्हता. बापाकडून तो आला आणि आईच्या अंड्यात त्याला आवरणारे कोणी नसले, की हमाल बेफाम होतो. बीजपेशींतला डी. एन. ए. ठिकठिकाणी तुटतो.

मग बाकीच्या शरीरात हा दंगा का नाही? १९८६ मध्ये लास्की, रिओ आणि रुबिन यांनी उत्तर दिले. शरीराच्या इतर पेशींत एन्झाइमच्या संदेशातला एक जादा तुकडा कापलाच जात नाही. त्यामुळे हमाल अर्धवट घडतो. तो सामान तर हलवत नाहीच, उलट इतरांना अडवतो. शास्त्रज्ञांनी तो तुकडा मुळातच काढून टाकला, तेव्हा साऱ्या शरीरात उड्या सुरू झाल्या.

खरी मौज पुढेच आहे. हे एन्झाइम म्हणजे ७५१ अमिनो आम्लांची माळ. तिच्यातला एक मणी बदलला तर काय होईल? ‘बिघाड’ असे आपण म्हणू. डी. एन. ए. कापणाऱ्या जागेचा मणी बदलला, तर काम खरोखरच बंद पडते. ३७९ वा बदलला, तर एन्झाइम जी. टी. पी. हा नेहमीचा सोबती सोडून वेगळ्याच रसायनाबरोबर काम करू लागते. आणि १२९ व्या जागचे सेरीन काढून ॲलॅनिन बसवले, तर ते पूर्वीपेक्षा अधिक जोमाने काम करते! हे २००२ मध्ये दिसून आले.

मग निसर्गाने हा चपळ हमालच का ठेवला नाही? मला वाटते, रोज भिंती फोडणारा बिऱ्हाडकरू चाळीबरोबर स्वतःलाही गाडून घेईल. माशीचा वंश बुडाला, की ‘पी’चाही बुडाला. त्याचे बेताने चालणे दोघांच्याही हिताचे आहे.

माणसाने या हमालालाही कामाला लावले. १९८२ मध्ये रुबिन आणि स्प्रॅडलिंग यांनी ‘पी’च्या पाठीवर डोळ्यांच्या रंगाचे जनुक लादून ते माशीत पोचवले. आणि वाचकहो, आपण फार लांबचे आहोत असे समजू नका. आपल्या पेशींतही या एन्झाइमचा एक भाऊबंद आहे, थॅप-९ नावाचा. तो माशीचा ‘पी’ हलवू शकतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले आहे.