मनगट की मोटर?

डिस्चार्जची तारीख ठरते आणि घरातलं कुणीतरी हॉस्पिटलसमोरच्या सर्जिकलच्या दुकानात जातं. दुकानदार दोन खुर्च्या पुढे करतो. एक स्टीलची, घडीची, काळ्या रेक्झिनची. दुसरी जॉयस्टिकवाली, किमतीला पहिलीच्या दहापट. मुलगा परदेशात कमावता असेल तर वडिलांसाठी मोटरची उचलली जाते, हात आखडता असेल तर स्टीलची. दोन्ही निर्णय खिसा बघून झालेले असतात. खुर्चीत बसणाऱ्याचे खांदे, मोरीचं दार, सोसायटीच्या पायऱ्या यांची चौकशी खुर्ची घरी आल्यावर सुरू होते.

या खरेदीत पहिली चूक होते ती तुलनेतच. स्टीलची घडीची खुर्ची म्हणजेच हातानं चालवायची व्हीलचेअर, असं समजून लोक तिची मोटरशी तुलना करतात. ती खुर्ची मुळात हॉस्पिटलच्या कॉरिडॉरसाठी आहे. पेशंटला वॉर्डातून एक्स-रेपर्यंत न्यायचं, मागून वॉर्डबॉयनं ढकलायचं, एवढंच तिचं काम. तिचं वजन 17 ते 20 किलो, सीट सरसकट 18 इंची, आणि मागच्या चाकाचा आस एका जागी पक्का. दिवसाचे दहा-बारा तास स्वतःच्या हातांनी फिरणाऱ्या माणसाचा विचार तिच्यात कुठेही नाही. त्यामुळे मोटर हवी का, हे ठरवण्याआधी हातानं चालवायची चांगली खुर्ची कशी असते, ते बघावं लागतं.

तीन खुर्च्या, तीन गरजा

घडीच्या खुर्चीचा उगम लॉस एंजेलिसचा. खाणीतल्या अपघातात पायांतली शक्ती गमावून बसलेला अभियंता हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी 1930 च्या दशकात मोटारीत मावेल अशी खुर्ची बनवली. सीटखाली फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या नळ्या, दोन्ही बाजू जवळ आणल्या की खुर्ची मिटते. आज कुठल्याही सरकारी दवाखान्यात भिंतीला टेकवून ठेवलेली खुर्ची याच घडणीची असते.

बॅटरीवरच्या खुर्चीची गरज वेगळ्या लोकांनी निर्माण केली. दुसऱ्या महायुद्धात मानेला मार बसून हातपाय दोन्ही निकामी झालेले सैनिक कॅनडात परतले. त्यांना हलकी खुर्ची देऊनही उपयोग नव्हता, कारण चाक फिरवायला हातच चालत नव्हते. त्यांच्यासाठी तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या जॉर्ज क्लाइन या अभियंत्यानं 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरची खुर्ची विकसित केली.

तिसरी गोष्ट कॅलिफोर्नियाची. हँग ग्लायडिंगच्या अपघातात मॅरिलिन हॅमिल्टन हिच्या कमरेखालचा भाग लुळा पडला, पण हात खेळाडूचे होते. मिळालेल्या जड खुर्चीला वैतागून तिनं ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांना गाठलं. त्यांनी ग्लायडरच्याच ॲल्युमिनियमच्या नळ्यांतून तेव्हाच्या खुर्च्यांच्या निम्म्या वजनाची खुर्ची तयार केली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या उद्योगातून आजच्या ‘ॲक्टिव्ह’ व्हीलचेअर निघाल्या.

म्हणजे मोटर आली ती हात चालत नसलेल्यांसाठी आणि हलकी खुर्ची आली ती हात दणकट असलेल्यांसाठी. यातली एक साधी आणि दुसरी तिची सुधारलेली आवृत्ती, असा प्रकार नाही.

खांद्याचा हिशेब

हातानं चालवताना खुर्ची नीट बसली आहे का, हे ओळखायची एक खूण थेरपिस्ट सांगतात. पाठ टेकवून बसायचं आणि हात चाकाच्या रिमच्या सगळ्यात वरच्या बिंदूवर ठेवायचा. कोपरात 100 ते 120 अंशांचा कोन दिसला, तर सीटची उंची बरोबर. मग ढकलताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दहाच्या जागी रिम पकडायची, दोनच्या जागी सोडायची आणि हात खालून सैल मागे आणायचा. असे लांब, सावकाश रेटे दिले की कमी रेट्यांत तेवढंच अंतर कापलं जातं.

हॉस्पिटलच्या खुर्चीत हे जमत नाही. सीट रुंद, त्यामुळे कोपरं बाहेर फेकली जातात. आस खांद्याच्या मागे, म्हणून रिम पकडायला हात मागे ताणावा लागतो. वजनाचा मोठा भाग पुढच्या छोट्या चाकांवर पडतो आणि ती खडीत रुततात. मग रेटे आखूड होतात, त्यांची संख्या वाढते, आणि मानवी खांदा या कामासाठी घडलेला नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्या आणि वर्षानुवर्षं हातानं खुर्ची चालवणाऱ्यांचे जे अभ्यास झाले, त्यांत एकतृतीयांश ते दोनतृतीयांश लोकांना खांदेदुखी आढळली. पिट्सबर्ग विद्यापीठातले रोरी कूपर, जे स्वतः व्हीलचेअर वापरतात, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिमवर पडणारा जोर मोजून हा विषय मार्गी लावला. खुर्ची शक्य तितकी हलकी घ्या, आणि तोल सांभाळून आस शक्य तितका पुढे आणा, असं आता थेरपिस्ट सांगतात ते अशाच संशोधनाच्या आधारावर. आस पुढे आणला की खुर्ची मागे उलटायला सोपी होते, म्हणून सुरुवातीला मागची अँटिटिपची चाकं काढायची नाहीत.

अशा खुर्च्या आता इथेही बनतात. आयआयटी मद्रासनं 2025 मध्ये फक्त नऊ किलोची खुर्ची सादर केली. ‘निओफ्लाय’सारख्या खुर्च्या माप घेऊन बनवल्या जातात. स्टीलच्या खुर्चीच्या तुलनेत त्या महाग असतात, पण चांगल्या मोटरच्या खुर्चीपेक्षा स्वस्त पडतात. दुकानात त्या मांडलेल्या नसल्यामुळे अनेक घरांना त्या असतात हेच माहीत नसतं.

मोटर कुणाला हवीच

मानेच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्यांना पर्याय नसतो. मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या आजारात स्नायूंची ताकद कमी होत जाते. तिथे ‘हातांना व्यायाम होऊ दे’ म्हणून मुलाला स्वतः चाक ढकलायला लावलं, तर शाळेत पोचेपर्यंतच त्याची दिवसभराची शक्ती संपते.

महाराष्ट्रात आणखी एक मोठा गट आहे, पण त्याची चर्चा फारशी होत नाही. भारत 2014 मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला. मात्र साठ ते ऐंशीच्या दशकांत ज्यांना पोलिओ झाला ते आज चाळीशी ते साठीत आहेत. कॅलिपर, कुबड्या आणि तीनचाकी सायकल यांवर त्यांनी नोकऱ्या केल्या, लोकल पकडल्या, संसार केले. पायांचं काम आयुष्यभर हातांनी केल्यानं त्यांचे खांदे झिजलेत, आणि पोस्ट-पोलिओ सिंड्रोममुळे चांगले स्नायूही दमायला लागलेत. ‘इतकी वर्षं स्वतःच्या जिवावर फिरलो, आता मोटर कशाला’ असं यातले अनेकजण म्हणतात. त्यांच्यासाठी मोटर म्हणजे उरलेला खांदा जपायचा मार्ग. त्या खांद्यावरच तर त्यांना पलंगावरून उठून खुर्चीत बसायचं असतं.

मोटरचं सगळ्यात मोठं कारण कधीकधी फिरणं नसतंच. ज्याला हातांवर जोर देऊन अंग उचलता येत नाही, त्याच्या बैठकीवर सतत एकाच जागी दाब राहून जखमा होतात. सीटसकट मागे कलणारी ‘टिल्ट’ची सोय असलेली खुर्ची बटणावर हा दाब हलवते. घेताना मोटरची ताकद आणि वेग विचारला जातो, टिल्ट मात्र विचारायची राहून जाते.

उलट, नजर अधू झालेल्या किंवा विस्मरणाचा आजार असलेल्या आजोबांच्या हाती जॉयस्टिक देणं धोक्याचं. तसंच अर्धांगवायूनंतर एक हात आणि एक पाय चांगला असेल, तर सीट जरा खाली घेऊन पायानं जमीन रेटत घरात छान फिरता येतं. तिथे मोटरची घाई करू नये.

आधी टेप काढा

घरातलं सगळ्यात अरुंद दार म्हणजे मोरी-संडासाचं. जुन्या इमारतींत ते दोन-अडीच फुटांचं, आणि चौकट व दाराची जाडी वजा केली की त्याहून कमी. 18 इंची सीटच्या घडीच्या खुर्चीची एकूण रुंदी 25-26 इंच होते. म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा जिथे जायचं तिथेच खुर्ची अडते. बसणाऱ्याच्या मापाची 15 किंवा 16 इंची सीट घेतली, तर तेच दार पार होऊ शकतं. मोटरच्या खुर्चीत हा वाव कमी असतो, शिवाय वळायला जागा हवी. सरकारी मानकांत ती दीड मीटर व्यासाची धरली आहे आणि मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्ये ती फक्त कॉट हलवल्यावर मिळते.

मग पायऱ्या. रॅम्पचं मान्य प्रमाण एकास बारा आहे. कोकणातल्या घराचं जोतं दीड फूट उंच असेल, तर अंगणात 18 फूट लांब उतार बांधावा लागतो. शहरात सोसायटीचा म्हणून जो रॅम्प असतो तो पुष्कळदा स्कूटर चढवायला केलेला असतो, एकास पाच-सहाचा. हातानं तो चढणं अशक्यप्राय, आणि बहुतेक मोटरच्या खुर्च्यांची चढायची मर्यादा सहा ते दहा अंश असल्यानं तिथे त्याही उलटायची भीती असते. लिफ्ट अर्ध्या मजल्यावर थांबणारी असेल तर प्रश्न वजनावर येतो. दहा किलोची खुर्ची एकजण काखेत मारून नेतो आणि दोघं माणसाला धरून नेतात. 45 किलोच्या खुर्चीत 70 किलोचा माणूस असेल, तर चौघं लागतात. अशा घरात लाखभराची खुर्ची तिसऱ्या मजल्यावर हॉलची शोभा होऊन बसते.

मेट्रोच्या डब्यात फलाटावरून थेट जाता येतं, तिथे मोटरची खुर्ची सुखानं चालते. लोकलच्या दिव्यांग डब्यात मात्र फट आणि उंचीचा फरक असतो. पुढची छोटी चाकं उचलून मागच्या मोठ्या चाकांवर ती पार करावी लागते. हे हलक्या खुर्चीलाच जमतं.

विमानानं जायचं असेल, तर बॅटरीवर छापलेले आकडे वाचावेत. सुटी निघणारी लिथियम बॅटरी केबिनमध्ये न्यायची मर्यादा 300 वॉट-अवर आहे, दोन असतील तर प्रत्येकी 160. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर असा हिशेब करायचा. 24 व्होल्ट, 12 अँपिअर-अवरची बॅटरी 288 भरते आणि चालते. 20 अँपिअर-अवरची 480 भरते आणि काउंटरवर अडते.

मधला रस्ता

हात बरे आहेत, घर लहान आहे, पण कामाचं ठिकाण तीन किलोमीटरवर आहे, अशांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी हलक्या खुर्चीला पुढून जोडायचं मोटरचं चाक मिळतं. आयआयटी मद्रासच्या संशोधनातून आलेलं ‘निओबोल्ट’ 2021 मध्ये बाजारात आलं. ते लावलं की खुर्ची तीनचाकी होते, वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत आणि एका चार्जवर साधारण तेवढंच अंतर. ऑफिसच्या दारात ते सोडवून ठेवायचं आणि आत हातानं फिरायचं.

केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत तीव्र अपंगत्व असलेल्यांना मोटरचं साधन मिळू शकतं. त्यासाठी यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि वयाची अट असते. शिबिरांत बरेचदा वाटप होतं ते मोटरच्या तीनचाकीचं. ती बाजारहाटाला, शेताच्या रस्त्याला उत्तम, पण स्वयंपाकघरात येत नाही. त्यामुळे ती मिळाल्यावर घरातल्या खुर्चीचा प्रश्न सुटला, असं धरून चालू नये.

दुरुस्तीचाही विचार खरेदीआधीच करावा. 24 इंची हवेच्या चाकाचं पंक्चर गावातला सायकलवाला काढतो. मोटरच्या खुर्चीचा कंट्रोलर गेला, विशेषतः जुलैच्या पावसात जॉयस्टिकमध्ये पाणी शिरून, तर तो कंपनीकडे पाठवावा लागतो आणि आठवडे जातात. लेड-ॲसिड बॅटऱ्या साधारण दीड-दोन वर्षांत उतरतात, त्यांचा खर्च बाजूला ठेवावा लागतो. म्हणून मोटरची घेतली तरी जुनी स्टीलची मोडीत काढू नये.

पैसे देण्याआधी दुकानदाराकडे आठवडाभर भाड्यानं खुर्ची मागावी. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे किंवा जवळच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे माप घेऊन सल्ला मिळतो. आठवड्यात रोजच्या तीन फेऱ्या तरी कराव्यात: मोरीपर्यंत, लिफ्टपर्यंत आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. मोटर बंद करून, क्लच सोडून ती हातानं ढकलता येते का, तेही पाहावं, कारण बॅटरी रस्त्यात संपू शकते. दोन तास बसल्यावर घरच्यांनी माकडहाड आणि मांड्यांखालची कातडी तपासावी. लाली अर्ध्या तासात ओसरली नाही, तर खुर्ची कुठलीही असो, आधी उशी आणि सीटचं माप बदलून घ्यावं.