बाणाचे टोक मुठीत

उरूस असो की जत्रा, नगर जिल्ह्यात खेळण्यांच्या पालावर बांबूच्या कामटीचे धनुष्य दिसतेच. ते नाही मिळाले तरी मुलांचे अडत नाही. घरातल्या खराट्याच्या चार काड्या उपसल्या की बाण तयार! प्लॅस्टिकच्या बाणाला पुढे रबरी टोपी असते. ती भिंतीला चिकटेनाशी झाली की मुले काढून फेकतात आणि उरते नुसती काडी. आपण म्हणतो, "खेळू द्या." डोळा फुटायला मात्र तेवढी काडी पुरते.

तिरंदाजीला आपल्याकडे कुणी वाईट म्हणणार नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तिला उत्तेजन दिले. पण अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्याकडून आलेली, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली हदीसही घरात सांगितली पाहिजे: बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरावीत, कुणाला इजा होऊ नये म्हणून. ही सूचना बाण मारण्याविषयी नाही, नुसता नेण्याविषयी आहे, हे लक्षात घ्या.

ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले. असे यश पाहून मूल धनुष्य मागेल, तर जरूर शिकवा. पण मैदानावर, प्रशिक्षकाच्या हाताखाली. तिथे शिट्टीचे राज्य असते. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचे, एकीला बाण सोडायचे, तीन झाल्यावरच बाण आणायला जायचे. शिट्ट्या सलग वाजू लागल्या तर जागच्या जागी थांबायचे. बाण उपटतानाही मागे कुणी उभे नाही ना, ते पाहायचे, कारण मागचे टोकही डोळ्यात जाते. आणि तरीही चूक होते. जानेवारी 2020 मध्ये आसाममधल्या सराव केंद्रात एका बारा वर्षांच्या मुलीच्या खांद्याजवळ बाण घुसला. तिला विमानाने दिल्लीला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. बाण तिथेच उपटला नाही, हे बरे झाले.

गल्लीत ना रेषा, ना शिट्टी. तिथे नियम एकच ठेवा: खेळातही माणसावर किंवा जनावरावर नेम धरायचा नाही. धरला की धनुष्य कपाटात. रडले तर रडू द्या.

काडी डोळ्याला लागलीच, तर चोळू नका. आत रुतली असेल तर ओढू नका, पाणीही मारू नका; वरून कागदी पेला उपडा ठेवून पट्टीने चिकटवा, पेल्याचा दाब डोळ्यावर येऊ देऊ नका. शस्त्रक्रिया लागेल म्हणून मुलाला खाऊ-पिऊ घालू नका आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. नुसते खरचटले असले तरी त्याच दिवशी दाखवा. झाडाच्या काडीबरोबर बुरशी आत जाते आणि तिचा त्रास काही दिवसांनी सुरू होतो. तेव्हा औषधाच्या दुकानातून मनाने आणलेले स्टिरॉइडचे थेंब घातले, तर ती आणखीच फोफावते.