इंग्लंडमध्ये कौन्सिलचा पार्किंग दंड अमान्य असेल तर

कागद नीट वाचा. कौन्सिलची ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. खासगी कंपनीची ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोन्हींना पीसीएनच म्हणतात, म्हणून गफलत होते. पहिलीमागे २००४चा ट्रॅफिक मॅनेजमेंट कायदा आहे, दुसरी कराराच्या नावाखाली येते. पुढची माहिती फक्त पहिलीची.

मुदत : भरायला २८ दिवस. काचेवर लावलेल्या नोटिशीचे पैसे १४ दिवसांत भरले तर निम्मे. याच १४ दिवसांत साधी लेखी हरकत घ्यावी. ती फेटाळली तरी बहुतेक कौन्सिल सवलत पुन्हा देतात.

पुढची पायरी : वाहनमालकाच्या नावे ‘नोटीस टू ओनर’ येते. रीतसर हरकतीला २८ दिवस; कौन्सिलने ५६ दिवसांत उत्तर द्यायलाच हवे. नकार आला तर २८ दिवसांत स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील : लंडनमध्ये लंडन ट्रिब्युनल्स, बाहेर ट्रॅफिक पेनल्टी ट्रिब्युनल. अपिलाला शुल्क नाही. काहीच न केल्यास दंड ५० टक्क्यांनी वाढतो.

दहा मिनिटे : एप्रिल २०१५पासून कौन्सिलच्या पार्किंगमध्ये भरलेली वेळ संपल्यावर १० मिनिटांची सूट. पिवळ्या रेषेवर ती नाही.

पुरावा : झाडाच्या फांदीआड गेलेली पाटी, पुसट झालेली रेषा, बंद पडलेले मशीन. फोटो त्याच दिवशी काढा, तिकीट जपून ठेवा.

आणि लढायचे असेल तर आधी पैसे भरू नका. भरले की प्रकरण मिटते.