शिडीपाशी उभं असलेलं चर्च

उरणच्या बाजूनं न्हावा शेवा बंदराकडे निघालं की समुद्राआधी कंटेनर दिसतात. ट्रेलरच्या लांबच लांब रांगा, एकावर एक रचलेल्या रंगीत पेट्या आणि त्यांच्यावर वाकलेल्या उंच क्रेन्स. पलीकडे पाण्यात घारापुरीचं बेट. या पसाऱ्यात माणूस शोधावा लागतो. तो सापडतो जहाजाच्या शिडीच्या वरच्या टोकाला. डोक्यावर हेल्मेट, हातात वॉकीटॉकी, समोर नोंदवही. आलेल्याचं नाव, आल्याची वेळ, येण्याचं कारण आणि गेल्याची वेळ तो त्या वहीत लिहून घेतो.

‘येण्याचं कारण’ या रकान्यात माल, तपासणी, दुरुस्ती, रसद असे शब्द भरले जातात. वर चढणाऱ्या प्रत्येकाला जहाजाकडून काहीतरी हवं असतं. निदान एक सही तरी. काहीच नको असलेला एखादाच पाहुणा असतो. तो येतो चर्चच्या सागरी सेवेतून. कधी दीक्षित पाद्री, कधी पगारी कार्यकर्ता, कधी आठवड्यातला एक दिवस काढून आलेला स्वयंसेवक. चर्चचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घंटा, वेदी आणि रविवारची उपासना येते. या सेवेचं काम मात्र शिडीच्या पायऱ्यांवर चालतं.

त्याची सुरुवातही पाण्यावरच झाली. १८३५ मध्ये जॉन अ‍ॅश्ले हे तरुण धर्मगुरू इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उभे होते. समोरच्या बेटांवरची माणसं चर्चला कशी जातात, असं त्यांच्या लहान मुलानं विचारलं, अशी आठवण सांगितली जाते. अ‍ॅश्ले त्या बेटांवर गेले. मग ब्रिस्टल खाडीत अनुकूल वाऱ्याची वाट पाहत नांगरून पडलेल्या जहाजांवर जाऊ लागले. या कामातूनच १८५६ मध्ये लंडनला ‘मिशन्स टू सीमेन’ ही अँग्लिकन चर्चची संस्था उभी राहिली. आज तिचं नाव ‘मिशन टू सीफेरर्स’ आहे आणि झेप घेणारा देवदूत ही तिची खूण. कॅथलिक चर्चची ‘अ‍ॅपोस्टलशिप ऑफ द सी’ १९२० मध्ये ग्लासगोत सुरू झाली. ती आता ‘स्टेला मारिस’ म्हणून ओळखली जाते.

या इतिहासात आपलीही माणसं आहेत. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ‘मुलगा बोटीवर आहे’ हे वाक्य अभिमानानं आणि काळजीनं बोललं गेलं आहे. वाफेच्या जहाजांच्या काळात भारतीय खलाशांना गोऱ्यांपेक्षा कमी पगार मिळे आणि राहायला कोंदट जागा. परतीचं काम मिळेपर्यंत ते लंडनच्या गोदी भागात उपाशी, थंडीत कुडकुडत दिवस काढत. त्यांच्यासाठी १८५७ मध्ये लाइमहाउस भागात ‘स्ट्रेंजर्स होम’ नावाचं निवासगृह उघडलं. तिथं काम करणारे जोसेफ सॉल्टर हिंदुस्थानी शिकले आणि धर्मप्रचाराबरोबरच आजाऱ्यांना, अडलेल्यांना मदतही करू लागले. खलाशाशी त्याच्या भाषेत बोलायचं, हा या सेवेतला फार जुना धडा आहे.

मुंबईत मस्जिद बंदरजवळ इंडियन सेलर्स होमच्या इमारतीत पहिल्या महायुद्धातल्या २,००० हून अधिक भारतीय खलाशांचं स्मारक आहे. समुद्राशिवाय दुसरी कबर त्यांना मिळाली नाही. खलाशी म्हणजे आपल्या इतिहासातला किती मोठा आणि किती विसरलेला समाज, हे तिथं गेल्यावर कळतं.

जुन्या मुंबई बंदरात जहाज आठवडा आठवडा, कधी त्याहूनही जास्त दिवस धक्क्याला असे. माल हमालांच्या पाठीवरून उतरे. खलाशी पायी बॅलार्ड इस्टेटपर्यंत येत, खलाशांच्या क्लबात पत्रं लिहीत, कॅरम खेळत, शहर बघत. मग कंटेनर आला. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेलं जवाहरलाल नेहरू बंदर या नव्या युगासाठीच बांधलेलं होतं. आज तिथं वर्षाला ७० लाखांहून अधिक टीईयू, म्हणजे वीस फुटी मापाचे कंटेनर, हाताळले जातात. मोठं जहाज जेमतेम एखाद्या दिवसात रिकामं होऊन, भरून निघूनही जातं. बंदर शहरापासून दूर गेलं. १ जुलै २००४ पासून जगभर लागू झालेल्या सुरक्षा संहितेनं फाटकं अधिक कडक केली. पास, गाडी आणि ड्युटीतून सुटलेले चार तास हे सगळं जुळून आलं, तरच खलाशाचा पाय जमिनीला लागतो.

त्यामुळे किनाऱ्यावरचे क्लब ओस पडले आणि सेवेला पुन्हा शिडीकडे वळावं लागलं. अ‍ॅश्लेंच्या काळी जहाजं वाऱ्यासाठी थांबत म्हणून त्यांना वेळ मिळे. आता जहाज थांबत नाही, म्हणून कार्यकर्त्यालाच धावावं लागतं.

त्याचा दिवस असा असतो. सकाळी जहाजांची यादी पाहायची: कोणतं धक्क्याला लागलंय, कर्मचारी कुठल्या देशांचे आहेत, निघणार कधी. मग फाटकावर पास, रिफ्लेक्टर जाकीट, हेल्मेट, सेफ्टी शूज. पाठीवरच्या पिशवीत सिमकार्ड, वर्तमानपत्रं, खाऊ, वेगवेगळ्या भाषांतली प्रार्थनापुस्तकं. पाण्यावर हलणाऱ्या शिडीच्या चाळीस-पन्नास पायऱ्या चढून तो मेसमध्ये येऊन बसतो. तिथं तेलानं माखलेला बॉयलर सूट अंगावर असलेला कुणीतरी चहाचा कप पुढे करतो.

पहिला प्रश्न बहुधा इंटरनेटचा असतो. दुसरा, बाजारात जायला गाडी मिळेल का? खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं, तेही इतर उठून गेल्यावर. बाळ झालंय, अजून पाहिलं नाही. वडील गेले, त्या दिवशी जहाज भर समुद्रात होतं. दोन महिने पगार घरी पोचलेला नाही. अनुभवी कार्यकर्ता अशा वेळी उपदेश करत नाही. तो ऐकतो, गरज असेल तर योग्य दारापर्यंत गोष्ट पोचवतो आणि प्रार्थना करायची का, हे विचारल्याशिवाय प्रार्थना करत नाही. समोरचा हिंदू असो, मुसलमान असो की काहीच न मानणारा, सेवा सगळ्यांना सारखी. या कामातल्या ख्रिस्ती संस्थांची १९६९ पासून आंतरराष्ट्रीय संघटना आहे आणि समोरच्याच्या श्रद्धेचा मान राखणं ही तिची शिस्त आहे.

या शिडीमागे मुख्यालय असतं. ‘मिशन टू सीफेरर्स’चं मुख्यालय १९६८ पासून कित्येक दशकं लंडनच्या सेंट मायकल पॅटर्नॉस्टर रॉयल या चर्चमध्ये होतं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनं उद्ध्वस्त झालेली ही वास्तू डागडुजी करून खलाशांच्या सेवेला दिली गेली. मुख्यालयातली माणसं निधी उभा करतात, कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देतात, एका बंदरात अर्धवट राहिलेलं प्रकरण पुढच्या बंदरातल्या सहकाऱ्याकडे सोपवतात. २०१५ पासून संस्था खलाशांनाच विचारून त्यांच्या समाधानाचा निर्देशांक काढते. आणि दूरदूरच्या गावांतले स्वयंसेवक, त्यांत कित्येक आजीबाई, कधीच न भेटणाऱ्या खलाशांसाठी लोकरीच्या टोप्या विणतात.

कोविडच्या काळात या कामाची खरी कसोटी लागली. २०२० च्या अखेरीस सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. शिडी चढायला बंदी होती. तेव्हा सामानाच्या पिशव्या शिडीच्या पायथ्याशी ठेवल्या जात आणि बोलणं फोनवरच्या चॅटवर होई. खलाशांच्या हक्कांसाठीचा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार भारतानं २०१५ मध्येच स्वीकारला होता. त्यात किनाऱ्यावरच्या कल्याणसोयींचा हक्क लिहिलेला आहे. तरीही २०२४ मध्ये जगभरात ३,००० हून अधिक खलाशांना मालकांनी वाऱ्यावर सोडलं आणि त्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती. कायदा लागतोच, पण अडकलेल्या जहाजावर पिण्याचं पाणी आणि धीर घेऊन आधी पोचतो तो माणूस.

न्हावा आणि शेवा ही दोन गावांची नावं आहेत. बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातल्या कुटुंबांना उठावं लागलं. पुनर्वसनासाठीची त्यांची लढाई कैक वर्षं चालली. घर सुटणं म्हणजे काय, हे या किनाऱ्याला कुणी शिकवायला नको. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहताना इथली कोळीण जे मागते, तेच हजारो मैलांवरची एखादी आई जुलैतल्या दुसऱ्या रविवारी, खलाशांसाठीच्या ‘सी संडे’च्या उपासनेत मागत असते: गेलेला सुखरूप परत येवो.

त्या दोघींच्या मागण्यांमध्ये एक माणूस शिडी चढतो. ज्याला भेटतो, तो उद्या कोलंबोच्या किंवा जेबेल अलीच्या वाटेवर असेल. पुन्हा भेट होणं नाही. तरीही तो पूर्ण तास बसतो, घाईत असल्याचं दाखवत नाही. आपल्याकडे अतिथी दारात येतो आणि यजमान त्याचं करतो. इथं अतिथीला दारापर्यंत येताच येत नाही, म्हणून यजमानच शिडी चढून त्याच्याकडे जातो.

उतरताना वहीत त्याची गेल्याची वेळ लिहिली जाते. वरच्या-खालच्या ओळींत माल, तपासणी, रसद. त्याच्या ओळीत येण्याचं कारण म्हणून एकच शब्द आहे: भेट.