पाणी ओसरले, आता कचरा कसा काढावा?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. त्यात आमचे कापडाचे दुकानही बुडाले. पाणी ओसरले तेव्हा दुकानात गुडघाभर चिखल होता आणि फडताळातले तागे फुगून दगडासारखे जड झाले होते. आम्ही बेजार झालो होतो. नोकरांना म्हटले, सगळे बाहेर काढा. दोन दिवसांत दुकान रिकामे झाले. रस्त्यावरचा ढीग जेसीबीने उचलून नेला. त्यानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर आला आणि त्याने विचारले, "खराब झालेला माल कुठे आहे?" दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हते. माल गेला तो पाण्याने, पण भरपाईचा मोठा हिस्सा बुडाला तो आमच्या घाईने.

अशी वेळ आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंवर येऊ नये, म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी येथे मांडत आहोत.

आधी नोंद, मग सफाई

वस्तू बाहेर काढण्यापूर्वी दुकानाचे आणि घराचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत. भिंतीवर पाण्याची खूण उमटते, ती फोटोत आलीच पाहिजे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. सरकारी मदतीसाठी तलाठ्याकडून पंचनामा होतो, त्याची प्रत मागून घ्यावी. दुर्गंधीमुळे माल ठेवणे अशक्यच झाले तर यादी करावी, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि प्रत्येक जातीच्या मालाचा नमुना बाजूला ठेवावा. मलबा हटवण्याचा खर्चही अनेक पॉलिसींमध्ये ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. मजुरीच्या आणि टेम्पोच्या पावत्या जपाव्यात.

एक ढीग नको, पाच ढीग करा

सगळे एकत्र रस्त्यावर टाकले की कचरा कोणाच्याच कामाचा राहत नाही. चिखलाने माखलेल्या वस्तूंना भंगारवाला हात लावत नाही आणि ओल्या गाळाच्या वजनाने नगरपालिकेच्या गाड्यांच्या फेऱ्या वाढतात. म्हणून पाच ढीग करावेत.

पहिला सडणाऱ्या वस्तूंचा : भिजलेले धान्य, भाजी, मासळी. हा सर्वांत आधी गेला पाहिजे. दुसरा कपडे, गाद्या, कागद आणि फर्निचरचा. तिसरा भंगाराचा : लोखंड, पत्रे, प्लास्टिक. चौथा गाळ, विटा आणि कौलांचा. पाचवा धोक्याचा : कीटकनाशके, रंगाचे डबे, बॅटऱ्या, ट्यूबलाईट, भिजलेली औषधे. हा ढीग मुलांपासून दूर, छपराखाली ठेवावा आणि घंटागाडीवाल्यांना तसे सांगून द्यावा. यातले काहीही जाळू नये. प्लास्टिक आणि रंगाचा धूर छातीत जातो.

हे ढीग गटारावर किंवा विजेच्या खांबाखाली करू नयेत. मधून गाडी जाईल एवढी वाट सोडावी.

कापडवाल्यांसाठी दोन शब्द

ओले तागे एकावर एक रचले की आत ऊब धरते आणि दोन दिवसांत बुरशी येते. तागे उलगडावेत, चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्याने काढावा, पांढरे आणि रंगीत वेगळे वाळवावे. सिंथेटिक माल बराचसा वाचतो, सुती लवकर जातो, जर काळी पडते. वाचलेला माल विकताना गिऱ्हाइकाला 'पुरातला माल' म्हणून साफ सांगावे. नुकसान एका हंगामाचे असते, पण पत गेली की ती परत येत नाही.

वादळाचा मलबा

पुराचा कचरा चिखलाचा, तर वादळाचा झाडांचा आणि छपरांचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या माड-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पडलेले माड वाडीत कुजत ठेवले तर त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि उभ्या राहिलेल्या माडांवर चढतो. म्हणून खोडे लवकर कापून हलवावीत. पोफळीच्या चिरलेल्या रिपा मांडवाला आणि कुंपणाला चालतात. फांद्या-झावळ्यांचे बारीक तुकडे करून खत होते.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते हातोड्याने फोडू नयेत. पाणी मारून, तोंडाला मास्क बांधून, अख्खे उचलावेत. तुटलेल्या तारेजवळच्या झाडाला वीज मंडळाची माणसे येईपर्यंत हात लावू नये.

हातापायांची काळजी

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून हा रोग जखमेवाटे अंगात शिरतो. गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय ढिगाला हात लावू नये. मजुरांनाही ते मालकानेच द्यावेत. ताप आला तर डॉक्टरांना "पुराच्या चिखलात काम केले आहे" असे आवर्जून सांगावे.

नदीत टाकलेले परत येते

गाळ आणि राडारोडा रात्री नाल्यात किंवा खाडीच्या काठी लोटण्याचा मोह होतो. पात्र भरले की पुढचे पाणी आपल्याच उंबऱ्यावर येते. वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकरांना पुरानंतर साखळी उपोषण करावे लागले, हे विसरू नये. २०१६ साली केंद्र सरकारने बांधकामाच्या राडारोड्यासाठी वेगळे नियम केले. तो कुठे टाकायचा याची जागा नगरपालिकेकडून विचारून घ्यावी.

पेठेतल्या दहा दुकानदारांनी मिळून पावसाळ्यापूर्वीच टेम्पोवाला, भंगारवाला आणि ढिगांची जागा ठरवून ठेवली, तर आणीबाणीत कोणी कोणाच्या दारात कचरा लोटणार नाही. आम्ही आता विम्याचे कागद आणि मालाची यादी माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. हे शहाणपण आम्हाला फार महाग पडले. आपल्याला ते फुकट मिळत आहे, घेऊन ठेवा.