घर सोडताना अनामत हाती कशी येईल?

बदलीचा हुकूम येतो, घरमालकाच्या मुलाचे लग्न ठरते किंवा नुसतीच ११ महिन्यांची मुदत भरते, आणि तुमच्या घरात पुन्हा खोकी बांधायला सुरुवात होते. काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायची, मुलांचे शाळेचे दाखले काढायचे, गॅसचे कनेक्शन बदलायचे, दूधवाल्याचा हिशेब मिटवायचा, हे सारे बहुधा तुमच्याच अंगावर असते. यजमान नव्या गावी आधीच रुजू झालेले असतात. मग शेवटच्या दिवशी, टेम्पो खाली उभा असताना, घरमालक किंवा त्यांचा एजंट वर येतो. भिंतीवरून हात फिरवतो, नळ सोडून बघतो आणि म्हणतो, "वहिनी, रंग द्यावा लागणार हो सगळीकडे. ओट्यालाही डाग पडलेत. डिपॉझिटचं बघू आपण नंतर. साहेबांशी बोलतो मी फोनवर."

हे "नंतर बघू" फार महाग पडते, बरं का! किल्ल्या दिल्या, गाव सोडले, की तुमच्या हातात उरते काय? फोन. आणि तो पलीकडून उचलला जाईलच असे नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. अनामत ही घरमालकाची मिळकत नव्हे. ती तुमची, त्यांच्याकडे ठेवायला दिलेली रक्कम आहे. भिशीचे पैसे, मोडलेली ठेव, कधी गहाण पडलेल्या पाटल्या, अशी ती उभी केलेली असते. तिच्यातून पैसे कापायचे असतील तर कशासाठी आणि किती, हे दाखवण्याची जबाबदारी कापणाऱ्याची. तुम्ही ती मागता तेव्हा मेहेरबानी मागत नसता. आवाज चढवायची गरज नाही, पण संकोचाचीही नाही.

आता कागदाकडे वळू. आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे की ११ महिन्यांचा करार असला की नोंदणीची गरज नाही. इतर अनेक राज्यांत हे चालते, कारण एका वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला तिथे सक्ती नाही. महाराष्ट्रात मात्र तसे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला हवा, मग तो ११ महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती चुकवली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट पुढेच आहे: नोंदलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे असेल तर समोरच्याने सिद्ध करायचे. तेव्हा "करार नोंदलेला नाही, आता तुम्ही काय करणार?" असे कोणी दटावले तर घाबरू नका. त्या वाक्याने घाबरायचे ते बोलणाऱ्याने.

खर्चाची धास्तीही उगाच असते. महिना १८,००० रुपये भाडे आणि ७५,००० अनामत असेल, तर ११ महिन्यांच्या कराराचे मुद्रांक शुल्क ५०० रुपयांच्या आसपास येते. (एकूण भाडे अधिक अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज, या बेरजेवर पाव टक्का.) त्यावर शहरात १,००० रुपये नोंदणी फी आणि एजंटची मेहनत. आता अंगठ्याचे यंत्र घेऊन माणूस घरीच येतो. कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत.

करार होताना तुम्ही चहा करायला आत जाऊ नका! शेजारी बसा आणि तीन गोष्टी वाचा. अनामत परत कधी, ताबा देताना त्याच वेळी की "एक महिन्याच्या आत"? रंगाचे पैसे कापणार का, आणि किती? "नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून" हे शब्द आहेत का? आणि जमले तर करारात नवऱ्याच्या बरोबर तुमचेही नाव घालून घ्या. शेवटच्या दिवशी घर दाखवायला, हिशेब करायला तुम्हीच उभ्या राहणार असाल, तर कागदावर तुम्ही कोणीच नसणे बरे नव्हे. नाव नाहीच जमले, तर घर सोडण्यापूर्वी यजमानांकडून दोन ओळींचे अधिकारपत्र सही करून घ्या, म्हणजे "साहेबांशीच बोलतो" ही पळवाट राहत नाही.

अनामत किती असावी, हा प्रश्न नेहमी येतो. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी २ महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत सांगितली आहे आणि ताबा घेताना रास्त वजावट करून ती परत द्यायची, असेही. पण तो नमुना आहे; राज्याने आपला कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. घासाघीस करताना उल्लेख करायला मात्र हरकत नाही.

राहायला जाल त्या दिवशी, सामान लावण्याआधी, रिकाम्या घराचे फोटो काढा. पंखे किती, ट्यूब किती, गीझर चालतो का, कुठली फरशी तडकलेली आहे, न्हाणीघरात ओल आहे का, हे एका कागदावर लिहा आणि घरमालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या. "ठीक आहे" एवढे उत्तर आले तरी पुरे. हा अर्धा तास पुढे हजारो रुपये वाचवतो.

आता सोडण्याच्या वेळची पाहणी. माझे मत असे की ती एकदा नव्हे, दोनदा व्हावी. पहिली आठ-दहा दिवस आधी, दिवसाउजेडी. घरमालकांना स्वतःहून बोलवा: "काका, एकदा बघून घ्या ना, काही दुरुस्त करायचं असेल तर आम्हीच करून देतो." ५० रुपयांचा वॉशर तुम्ही बसवला तर ५० रुपये लागतात, अनामतीतून कापला की त्याचे ५०० होतात, हा सगळ्यांचा अनुभव! दुसरी पाहणी शेवटच्या दिवशी, सामान हलल्यावर, आणि जुनी यादी हातात घेऊन.

खरी ओढाताण होते ती झीज कशाला म्हणायचे आणि नुकसान कशाला, यावरून. रंग उडणे, कपाटामागची भिंत काळवंडणे, तोटीचा वॉशर जाणे, बोअरच्या पाण्याच्या क्षाराने गीझरची कॉइल जाणे, पावसाळ्यात दार फुगणे, या गोष्टी घर वापरले की होतातच. वरच्या मजल्यावरून उतरणारी ओल आणि तिने आलेले पोपडे तर तुमच्या माथी मारता येणारच नाहीत. पण बाळाने खडूने रंगवलेली भिंत, फळी लावताना तडकलेली टाइल, खलबत्ता पडून फुटलेले बेसिन, मांजराने फाडलेली डासांची जाळी, हे तुमचे. ते मोकळेपणाने मान्य करा. त्याने बाकीचे म्हणणे वजनदार होते. घरमालक काही सगळेच लबाड नसतात. निवृत्तीची पुंजी घालून घेतलेला एकुलता फ्लॅट कोणी खिळ्यांनी चाळणी करून दिला तर त्यांनाही वाईट वाटतेच.

नुकसान मान्य केले म्हणजे मागतील तो आकडा मान्य केला असे मात्र नाही. दहा वर्षे फिरलेला पंखा बंद पडला तर नव्या पंख्याची किंमत देणे लागत नाही. दुरुस्तीचे बिल किंवा निदान कारागिराचा लेखी अंदाज मागा. करारात "अमुक दंड" असे लिहिलेले असले, तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तो आकडा ही वरची मर्यादा. मिळते ती रास्त भरपाई. रंगासाठी एक महिन्याचे भाडे तुम्ही सही करून कबूल केले असेल, तर ती गोष्ट वेगळी. तिथे सही करतानाच बोलायला हवे होते.

विजेचे शेवटचे बिल नंतर येते, या सबबीवर सगळी अनामत अडकवली जाते. मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, गेल्या महिन्याच्या बिलावरून अंदाज करा आणि दीड-दोन हजार रुपये बाजूला ठेवायला सांगा. बाकीचे आजच.

शेवटच्या दोन महिन्यांचे भाडेच द्यायचे नाही, "अनामतीतून वळते करा" म्हणायचे, असा सल्ला शेजारणी देतात. घरमालक लेखी हो म्हणत असतील तर यापरते सोपे काही नाही. नसतील, तर करार मोडल्याचा ठपका तुमच्यावरच येतो. तसेच "पैसे दिल्याशिवाय घर सोडणार नाही" हेही जपून. मुदत संपल्यावर ताबा दिला नाही तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. काही करारांत मात्र, अनामत मिळेपर्यंत भाडे न देता राहता येईल, असे कलम असते. ते तुमच्या करारात आहे का, आधी बघा.

किल्ल्या आणि पैसे एकाच बैठकीत हलवायचे. ऑनलाइन रक्कम खात्यात जमा झाल्याचे दिसले, मग किल्ल्या. पुढच्या तारखेचा चेक घेण्याची वेळ आलीच तर घ्या, पण तो न वटल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी, हे लक्षात ठेवा. त्यानंतर चेक देणाऱ्याला १५ दिवस मिळतात. तरीही पैसे आले नाहीत तर फौजदारी तक्रार करता येते. आणि एक छोटी ताबापावती दोघांच्या सहीने करा. मजकूर साधाच: "आज तारीख अमुक रोजी सदर फ्लॅटचा रिकामा ताबा व ३ किल्ल्या मिळाल्या. घर पाहिले. एकूण अनामत ७५,००० पैकी जाळी दुरुस्तीचे १,२०० व वीजबिलासाठी २,००० ठेवून ७१,८०० परत दिले. वीजबिलाचा हिशेब बिल आल्यावर." सही नाकारली तर तेच वाक्य तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, रिकाम्या खोल्यांच्या फोटोंसकट.

इतके करूनही पैसे अडले तर? पोलीस चौकीत बहुतेक वेळा "हे दिवाणी प्रकरण आहे" असे उत्तर मिळते, आणि एरवी ते खरेही असते. आधी रक्कम, तारीख आणि १५ दिवसांची मुदत घालून साधे पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने धाडा. कितीतरी प्रकरणे याच पत्रावर मिटतात. नाहीच मिटले तर वकिलाची नोटीस आणि मग दावा. पैसे वसुलीच्या दाव्याला मुदत साधारण ३ वर्षांची असते, तेव्हा "देतील पुढच्या दिवाळीला" करत बसू नका.

वकिलाच्या फीचे काय, असे तुम्ही म्हणाल. विधि सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. करारात तुमचे नाव असले तर दावा तुम्हाला स्वतःच्या नावाने लावता येतो आणि ही मदतही घेता येते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. दावा लावण्याआधीच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवून तडजोड करण्याची सोयही तिथे आहे. जाताना कराराची प्रत, अनामत दिल्याचा बँकेचा उतारा, ताबापावती आणि पाठवलेल्या पत्राची पोच बरोबर न्या.