चित्त्याचे झाड

उघड्या माळावर चित्ता शोधावयाचा तर आधी हरणांकडे पाहावे लागते. पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या मैदानात जाणते वाटाडे हेच करतात. कळपातील सगळ्या माना एकाच दिशेस वळून स्थिर झाल्या, की तिकडच्या वारुळावर वा उंचवट्यावर दुर्बीण रोखावी. सिंह व तरस मुख्यतः रात्री शिकार करतात. चित्ता बहुधा सकाळी आणि उतरत्या उन्हात करतो, म्हणूनच तो दिवसा दृष्टीस पडण्याची आशा असते. पाऊलखुणाही वेगळ्या असतात. बिबट्या नखे आत ओढून चालतो. चित्त्याची नखे पूर्णपणे आत जात नाहीत. मातीत त्यांचे ठसे उमटतात आणि नवख्याला ते कुत्र्याचे वाटतात.

नामिबियाच्या झुडपी प्रदेशात मात्र नजर फार दूर पोचत नाही. तेथे शोधावयाचे ते झाड. काही ठरावीक झाडांशी नर चित्ते वारंवार येतात, बुंधा हुंगतात, त्यावर मूत्र सोडतात आणि निघून जातात. संशोधक तेथेच स्वयंचलित कॅमेरे बसवितात. कोणत्याही दोन चित्त्यांचे ठिपके सारखे नसल्यामुळे छायाचित्रावरून प्रत्येक जनावर ओळखता येते.

हे झाड आपल्याकडील पारध्यांना फार पूर्वीच ठाऊक होते. चित्ते जेथे नखे घासावयास येत, त्या झाडाभोवती ते तातीचे फास मांडीत. मागणी असे ती पूर्ण वाढलेल्या चित्त्यालाच. पिलू शिकार शिकते ते आईजवळ. लहानपणी धरलेले पिलू दरबाराच्या उपयोगाचे नसे. कोल्हापूर संस्थानातील चित्तेवान अशा चित्त्याचे डोळे झाकून त्याला गाडीतून काळविटांजवळ नेत आणि मग डोळे मोकळे करीत. पाळलेल्या चित्त्यांना पिले जवळजवळ होतच नसत. जहांगीराच्या आत्मवृत्तात अशा एका प्रसंगाची नोंद नवल म्हणून केलेली आहे. तेव्हा शिकारखान्यातील प्रत्येक चित्ता रानातून वजा झालेला होता. राजेरजवाड्यांनी हा साधा हिशेब कधी मांडला नाही. विसाव्या शतकात देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर व भावनगर दरबारांनी ते आफ्रिकेहून आणविले. १९४७ साली कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले. १९५२ साली चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

आफ्रिकी चित्ता हा आपल्याच चित्त्याचा अगदी जवळचा भाऊबंद, असा समज बराच काळ होता. लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेतील व हैदराबादच्या पेशी व रेणू जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी इतरांसमवेत जुन्या कातड्यातील आनुवंशिक द्रव्य तपासले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार दोन्ही वंश हजारो वर्षे आधीच, पूर्वीच्या अंदाजापेक्षा पुष्कळ अगोदर, वेगळे झाले होते. तरीही झाडाशी येण्याची सवय दोहोंकडे एकच दिसते.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनो येथे नामिबियाहून आठ चित्ते आणले गेले. त्यांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे होते आणि त्या पट्ट्यांच्या संकेतांवरून वनरक्षकांची पथके त्यांच्या मागावर राहत.